शेरा

ओझरच्या टाउनशिपमागे, पत्र्याच्या शेडमध्ये
पलंगावरच्या विटक्या चादरीखाली ती उभी होती.
टाटा इस्टेट, त्र्याण्णवची, एमएच पंधरा,
लांब पाठीची, राखाडी निळी.
चादरीच्या कोपऱ्यांना नाड्या,
बाळाच्या लंगोटाला असतात तशा.

मला रोपं न्यायला काहीतरी हवं होतं.
मखमलाबाद नाक्यावर माझी नर्सरी,
टेम्पोवाला रोज नवा भाव सांगायचा.
एवढाच विचार करून गेले होते.

कुसुमावतीबाई निमसेंनी किल्लीआधी वही दिली.
"ह्यांची आहे. गाडी न्याल तर वहीसकट."
निमसे विमानांच्या कारखान्यात तपासनीस.
विमानाला जशी वही, तशी गाडीला:
तारीख, किलोमीटर, काय दिसलं, काय केलं, सही,
आणि उजवीकडे अरुंद रकाना, शेरा.

*१४ ऑगस्ट ९६. पंख्याचा पट्टा बदलला.
शेरा: जुना जपून ठेवला, अडचणीला चालेल.*

*३ जानेवारी ९९, रात्री २.१०. ओझर ते सिव्हिल हॉस्पिटल.*
*७ जानेवारी. सिव्हिल ते ओझर.
शेरा: जाताना तीन होतो, येताना चार.*

मी भाव करायचं विसरले.
खरं सांगायचं तर विसरले नाही, पाच हजार पाडले,
आणि वही पिशवीत घालताना ते पाच हजार टोचले.

द्वारकेला गुलाम कोकणीनं बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, "जपलीय. आता आपण बिघडवायची नाही."
हीटर प्लग, रबरी नळ्या, ब्रेकचे पंप.
रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याची खडी, वाटीभर.
काच मालेगावहून आली, गोणपाटात.

मागच्या चाकावरचा पोचा मात्र कुणी घेईना.
पुट्टी भरा, म्हणायचे सगळे.
शेवटी तांबट आळीतले मधुकरकाका, वय एक्क्याऐंशी,
हंडे-बंब ठोकून वाकलेली बोटं.
म्हणाले, "पुट्टी म्हणजे कवळी,"
आणि आतून एक हात, बाहेरून लाकडी हातोडी,
अडीच तास. चहा गार झाला.

दिवाळीनंतर दाखवायला नेली.
दहाव्या मैलाशी एका पोरानं मोबाइल काढून फोटो घेतला,
मी उगाच ताठ बसले.
त्यांच्या दारात थांबले, मागचं दार उघडून
गुलाबाची कुंडी काढली, बेल वाजवली.

"कधी आलीस? आवाज नाही आला."
म्हटलं, गुलामनं इंजिन छान बसवलंय.
"इंजिन नाही गं. मागचं दार.
सेकंड शिफ्टहून आले की डबा काढायला उघडायचे,
कर्रकन वाजायचं.
तेवढ्यात मी भाकरी तव्यावर टाकायची."
कुंडी त्यांनी घेतली. कुठे ठेवू, म्हणून दोनदा विचारलं.

रात्री वही उलटी चाळत गेले.
*२० नोव्हेंबर ९४. मागचे दार, वरचा कब्जा. आवाज.
काय केले: काही नाही.
शेरा: राहू द्यावा.*
पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.
तेवीस वेळा. शेवटी शेवटी अक्षर हललेलं:
*राहू द्यावा.*

गुलामला फोन केला.
"ताई, कब्ज्याला ग्रीस लावताना
कुणी विचारतं का?"

फडकं डिझेलमध्ये बुडवून कब्जा पुसला.
दार वर, खाली. वर, खाली. कान लावून.
नर्सरीतलं कुत्रं थोडा वेळ बघत बसलं,
मग कंटाळून गेलं.
आता मळ्याकडच्या कच्च्या रस्त्यानंच जाते,
धूळ बसू दे म्हणून,
मागे शंभर रोपं एकमेकांना धक्के देत.

वहीत माझ्या अक्षरात पहिली नोंद:
*वरचा कब्जा. ग्रीस काढले. आवाज अद्याप नाही.
शेरा: लक्ष ठेवून आहे.*